मामीच्या अक्षरातला प्रोग्राम

माझे मामा तीर्थपुरीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हर्रास पुकारायचे. तुरीचा, सोयाबीनचा ढीग ओतला की व्यापारी त्याच्याभोवती गोळा व्हायचे आणि मामा ढिगाच्या कडेला उभे राहून बोली वाढवत न्यायचे. त्यांचा आवाज फार मोठा नव्हता, पण धारदार होता. शेडच्या पत्र्याला लागून परत यायचा. लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे गेले की घराच्या ओट्यावर बसून मी ओळखायचे, आता मामा पुकारतायत, आता दुसरं कुणी.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन गेल्यावर, त्यांना लकवा मारला. जालन्याच्या दवाखान्यात ते वीस दिवस होते. उजवा हात आणि पाय गेला, बोलणंही गेलं. डॉक्टरांनी मामीला आणि मला समोर बसवून नीट समजावलं. यांना सगळं समजतं, वाचताही येतं, काय बोलायचं तेही डोक्यात तयार असतं. फक्त जीभ आणि ओठ ऐकत नाहीत. सरावानं थोडं परत येईल. किती, ते आज सांगता येत नाही.

"म्हंजे आत सगळं चालू हाय?" मामीनं विचारलं.

"सगळं."

मामी माझ्याकडे बघून म्हणाली, "मंग तर लई अवघड हाय, बाई."

मी जालन्यातच राहते आणि पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरी बसून प्रोग्राम लिहिते. सुट्टीच्या दिवशी अंबडवरून जाणारी बस धरून तीर्थपुरीला जायचं, असं तेव्हापासून सुरू झालं. पहिले काही रविवार फार वाईट गेले. मामा खाटेवर उशीला टेकून बसलेले असायचे. त्यांना काही हवं असलं की घशातून आवाज काढायचे, आणि मामी एकेक वस्तू उचलून दाखवायची. पाणी? चादर? पंखा लावू? औषधाची येळ झाली का? मामा प्रत्येक वेळी मान हलवायचे, नाही. सातव्या-आठव्या वेळी ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. मग मामी स्वयंपाकघरात निघून जायची, आणि तिथून भांड्यांचा आवाज उगाचच मोठा यायचा.

मोबाइलवरचे दोन-तीन ॲप आम्ही वापरून पाहिले. चित्रावर बोट ठेवलं की शब्द दिसतो, असे. पण मामांचा चांगला राहिलेला डावा हातही थरथरायचा. बोट एका चित्रावर टेकायचं आणि घसरून शेजारच्यावर जायचं. डाव्या हातानं लिहून पाहिलं, तर नुसत्या रेघा उमटल्या. एक गोष्ट मात्र त्यांना बरोबर जमायची, मूठ खाली आपटणं. रागावले की खाटेची कड ठोकायचे. ते पाहून मला कल्पना सुचली. कीबोर्डवर स्पेसबार सगळ्यात लांब असतो. तो मुठीनं दाबता येईल. पडद्यावर मोठ्या घरांमध्ये शब्द मांडायचे, आणि एक पिवळी चौकट एका घरावरून दुसऱ्या घरावर आपोआप सरकत ठेवायची. हव्या त्या शब्दावर चौकट आली की मूठ मारायची, की तो शब्द पडदाभर मोठा होईल. बस, एवढंच.

घरात एक जुना कॉम्प्युटर होता. मामांची मुलगी, म्हणजे माझी मामेबहीण, भोकरदनला दिली आहे. तिच्या कॉलेजच्या वेळी मामांनी तो हौसेनं आणला होता. तिच्या लग्नानंतर त्यावर टॉवेल पांघरलेला होता. मी म्हणाले, माझा एक लॅपटॉप रिकामा आहे, तो इथेच ठेवते. मामांनी डाव्या हाताच्या मागच्या बाजूनं तो लॅपटॉप माझ्याकडे परत सरकवला आणि टॉवेलकडे बोट केलं. मी पुन्हा पुढे केला, त्यांनी पुन्हा सरकवला.

"राहू दे," मामी म्हणाली. "कुणाचं घ्यायचं न्हाई, हे त्यायचं पहिल्यापासूनच हाय."

घरी येऊन मी चार संध्याकाळी बसून प्रोग्राम तयार केला. ऑफिसात आम्ही ज्या पद्धतीनं करतो तसाच केला. आमचे सगळे प्रोग्राम एका मोठ्या फ्रेमवर्कवर चालतात. फ्रेमवर्क म्हणजे आपल्या प्रोग्रामच्या खाली आधीच मांडून ठेवलेली तयार व्यवस्था. पडद्यावर खिडकी काढणं, रंग भरणं, मेमरी मागून घेणं, काम झालं की ती आवरून ठेवणं, हे सगळं ती व्यवस्था बघते. आपण फक्त काय हवं ते सांगायचं. आठ वर्षं मी तेच करत आले होते. त्यामुळे ही व्यवस्था नसलेलं मशीनही जगात असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तीर्थपुरीला पेन ड्राइव्ह लावला आणि प्रोग्रामवर क्लिक केलं. पडद्यावर एक छोटी पाटी आली, की हा प्रोग्राम चालायला अमुक फ्रेमवर्क लागतं, ते इथे नाही. मोबाइलच्या इंटरनेटवर ते उतरवून घेतलं. त्यानं सांगितलं, तुमची ऑपरेटिंग सिस्टीम फार जुनी आहे. मग त्याचं जुनं रूप शोधलं. त्याला डिस्कवर जागा पुरेना. मामेबहिणीला फोन करून, तिच्या परवानगीनं, तिच्या लग्नाची चित्रफीत पेन ड्राइव्हवर काढून घेतली आणि जागा केली. सकाळी अकराला बसलेली मी दुपारी तीनला उठले. मामा तेवढा वेळ खाटेवरून माझ्याकडे बघत होते.

प्रोग्राम सुरू व्हायला तीन-चार मिनिटं लागली. मराठी अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन आले. फॉन्ट घातला, तर अक्षरं आली, पण वेलांट्या आणि अनुस्वार भलत्याच जागी. तरी "पाणी", "चहा", "औषध" एवढे शब्द वाचता येत होते. मामांच्या मांडीवर पाट ठेवला, पाटावर कीबोर्ड. पिवळी चौकट सरकायला लागली. पण ती सरळ सरकत नव्हती. अडायची, मग एकदम दोन घरं उडी मारायची. मामांनी "चहा"वर मूठ मारली. मशीननं विचार केला, आणि पडदाभर "झोप" असा शब्द आला.

पुन्हा मारली. "औषध" आलं.

तिसऱ्या वेळी मामांनी कीबोर्डच ढकलून दिला. तो वायरीला लोंबकळत राहिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

परतीच्या बसमध्ये मला लाज वाटत होती. माणसाला आधी आशा दाखवायची आणि मग त्याच्याच तोंडी भलता शब्द घालायचा. आपण हे न्यायलाच नको होतं, असं वाटलं. पण अंबड येईपर्यंत डोक्यात दुसरंही काही फिरायला लागलं. दहा घरं आणि एक सरकणारी चौकट, याला एवढा डोलारा लागतोच कशाला? मशीन जुनं असलं तरी मठ्ठ नव्हतं. मीच त्याच्या डोक्यावर ओझं ठेवलं होतं.

पॉलिटेक्निकला असताना आम्हाला सी भाषा होती. तेव्हाची वही सापडली नाही, पण भाषा हळूहळू आठवत गेली. आता मधली व्यवस्था काढून टाकायची आणि थेट ऑपरेटिंग सिस्टीमशीच बोलायचं. मला एक खिडकी दे. इथे चौकोन काढ. दोन सेकंदांनी मला उठव. कळ दाबली गेली तर सांग. ऑफिसात एका ओळीत होणाऱ्या कामाला इथे पंधरा ओळी लागत होत्या. रोज सकाळी ऑफिसचं काम सुरू होण्याआधी दीड तास मी यावर बसायचे. पहिले तीन दिवस खिडकी उघडली की लगेच बंद व्हायची. चौथ्या दिवशी उघडली आणि उघडीच राहिली. पांढरी, रिकामी खिडकी. मी नवऱ्याला स्वयंपाकघरातून हाक मारून दाखवली.

"यात तर काहीच न्हाई," तो म्हणाला.

"काहीच नाही ना? तेच तर!" मी म्हणाले. त्याला काही कळलं नाही, पण मी हसत होते म्हणून तोही हसला.

मराठी अक्षरांचा प्रश्न राहिलाच होता. त्या जुन्या मशीनला जोडाक्षरं, वेलांट्या नीट मांडता येत नव्हत्या. मग मी ठरवलं की त्याला अक्षरं मांडायला सांगायचंच नाही. शब्दांची चित्रंच प्रोग्रामच्या पोटात ठेवायची. पुढच्या रविवारी मी मामीला काळं स्केचपेन आणि जुन्या कॅलेंडरची पानं दिली. पाठीमागून कोरी.

"माझं अक्षर? न्हाई बाई. सातवी झालेली मी. लोकं हसतेन."

"वाचणार कोण आहे? मामाच ना?"

तिनं खाटेकडे पाहिलं. मामांनी मान हलवली, हो. मग ती जमिनीवर बसली, पान गुडघ्यावर घेतलं आणि सावकाश, एकेक अक्षर गोल करत लिहायला लागली. पाणी. चहा. दुखतंय. लाईट. पंखा. प्रत्येक शब्द झाला की मामांना दाखवायची, आणि ते बघायचे. "दुखतंय" तिनं तीनदा लिहिला, कारण अनुस्वार मनासारखा येईना. मी पानांचे फोटो घेतले, घरी येऊन ते नुसते काळे-पांढरे केले आणि प्रोग्राममध्ये बसवले. सगळं मिळून शंभर केबीच्या आत. मोबाइलवर आलेला सुप्रभाताचा एक फोटो याहून मोठा असतो.

पुढच्या खेपेला तीर्थपुरीला मी काहीच इन्स्टॉल केलं नाही. फाइल कॉपी केली, क्लिक केलं, आणि बोट उचलायच्या आत खिडकी उघडली होती. चौकट घड्याळाच्या काट्यासारखी सरकत होती. मामांनी कीबोर्ड मांडीवर घ्यायला नकार दिला. मी बळजबरी केली नाही. मामीनंच तो पाटावर ठेवला आणि म्हणाली, "माझ्या अक्षराचं तरी बघा कसं दिसतंय ते."

मामांनी मूठ मारली. पडदाभर मामीच्या गोल अक्षरात आलं, चहा.

मामी पडद्याकडे बघत राहिली. मग उठून चहा ठेवायला गेली. मामांनी पुन्हा मूठ मारली, पुन्हा चहा. मी म्हणाले, "मामा, एकदाच पुरे, ती करून राह्यली." तरी त्यांनी तिसऱ्यांदा मारली. त्यांना चहा नको होता. आपण मारतो तेच येतं का, ते बघायचं होतं.

तीन दिवसांनी भर दुपारी मामीचा फोन आला. "बाई, पडदा अडकला. चौकट हालंना, अन् अर्धा पडदा पांढराच."

"कधीपासून चालू होता?"

"सकाळच्या पूजेपासून."

म्हणजे अडीच-तीन तास. फोनवर मी तिला मशीन बंद करून चालू करायला सांगितलं आणि कोड उघडून बसले. चूक सापडायला त्या दिवसाचा सगळा जेवणाचा वेळ गेला. चौकट रंगवायला मी दर वेळी सिस्टीमकडून नवा ब्रश मागत होते आणि रंगवून झालं की परत करत नव्हते. फ्रेमवर्कमध्ये असं टाकून दिलेलं सामान मागून कुणीतरी उचलत राहतं, म्हणून आठ वर्षांत मला परत करायची सवयच लागली नव्हती. इथे मागून उचलणारं कुणी नव्हतं. हजारो ब्रश साठले, आणि सिस्टीमनं हात वर केले. दोन ओळींची दुरुस्ती होती. पण त्या दिवशी मी सगळ्या तीनशे ओळी वरपासून खालपर्यंत वाचून काढल्या, आणि लक्षात आलं, की या प्रोग्राममध्ये मला न कळणारी एकही ओळ नाही. ऑफिसातल्या प्रोग्रामविषयी असं म्हणण्याची माझी कधी हिंमत झाली नसती.

दुरुस्त फाइल घेऊन गेले, आणि मग महिनाभर सगळं ठीक चाललं. तरी मामा खूश नव्हते. मूठ मारायचे, चहा मिळायचा, पंखा लागायचा, आणि त्यांचा चेहरा तसाच. मी विचारलं, "अजून कोणता शब्द पाहिजे का?" त्यांनी मान हलवली, हो. मग आमचं पुन्हा तेच सुरू झालं. भजी? देवळात? मुलीला फोन? नाही, नाही, नाही. शब्द आम्ही निवडत होतो, आणि ते आमच्या निवडीतून निवडत होते. हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

मग मामीकडून सगळी अक्षरं लिहून घेतली, काना, मात्रा, वेलांट्या वेगवेगळ्या. प्रोग्रामला दुसरं पान जोडलं. आधी ओळ निवडायची, मग त्या ओळीतलं अक्षर. मात्रा अक्षराच्या डोक्यावर बसत नव्हती, शेजारी उभी राहायची, पण वाचता यायचं. मामांना ते समजायला एक दुपार लागली. मग त्यांनी एकेक करून निवडायला सुरुवात केली. थ. काना. आम्ही दोघी बघत होतो.

"थाळी?" मामी म्हणाली. "ताट वाढू का?"

मामांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प झाली. अनुस्वार. मग चौकट तळाच्या ओळींकडे सरकेपर्यंत ते थांबले, आणि मूठ मारली. ब.

थांब.

मामीनं तोंडावर पदर धरला. मग हसायला लागली, इतकी की तिला खाली बसावं लागलं. "बराबर हाय," ती म्हणाली. "बिलकुल बराबर हाय. मी बोलूच देत न्हाई त्यायला." मामांच्या तोंडाचा डावा कोपरा वर गेला. आजारपणानंतरचं ते पहिलं हसू. मामीनं त्याच दिवशी नवं पान घेतलं आणि "थांब" मोठ्ठा लिहून दिला. तो शब्द पहिल्या पानाच्या पहिल्या घरात बसला, चहाच्याही आधी.

थोड्याच दिवसांत मोंढ्यातले दोघं जण भेटायला आले. मी तिथेच होते. दोघं जुने ओळखीचे, मामांवर जीव असलेले, पण खाटेशेजारी बसून ते मामीशीच बोलत होते. आता आराम करू द्या, तब्येतीला जपा, असं. त्यांच्यातल्या एकानं बोलता बोलता खिशातून मूठभर तूर काढली. त्या दिवशी आलेल्या मालाचा नमुना होता. सवयीनं काढली आणि मग, कुणाला दाखवायची हे न कळून, परत खिशात घालायला लागला.

मामांनी मूठ मारली. थांब.

दोघंही पडद्याकडे बघत राहिले. मामांनी डावा हात पुढे केला. त्या माणसानं तूर त्यांच्या तळहातावर ओतली. मामांनी ती बोटांनी चाळवली, एक दाणा दाताखाली धरला, बाकीची चादरीवर सोडली आणि अक्षरांकडे वळले. मी बोलणार होते, पण मामीनं माझ्या हातावर हात ठेवला. दोन-अडीच मिनिटं गेली. मोंढ्यातली ती दोन माणसं, ज्यांना एवढा वेळ गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, चौकट सरकताना बघत बसली.

ओली.

"म्या म्हणलं न्हवतं?" एक जण दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "सकाळपासून सांगून राह्यलो, ओली हाय म्हणून!" आणि मग तो वळून थेट मामांशी बोलायला लागला. मामीशी नव्हे. अर्धा तास बसले. जाताना म्हणाले, "मंगळवारी येतो. अजून दोन नमुने आणतो."

मामांचं बोलणं आता थोडं आलं आहे. जालन्याला स्पीच थेरपीच्या ताई आहेत, त्यांच्याकडे ते महिन्यातून दोनदा येतात. पाच-सहा शब्द आम्हाला कळतात, बाकीच्यासाठी कॉम्प्युटर आहे. हर्रास ते पुन्हा पुकारतील असं कुणी म्हणत नाही, तेही नाही. पण काठी टेकत ओट्यापर्यंत जातात, आणि माल बघायला माणसं येतात.

त्या ताईंनीच मला गेल्या उन्हाळ्यात विचारलं, की वडीगोद्रीला एक बाई आहेत, अंगणवाडीत नोकरी केलेल्या, त्यांचंही असंच झालं आहे. घरात जुना कॉम्प्युटर आहे. जमेल का?

जमण्यासारखंच होतं. या वेळी मी प्रोग्राममध्ये एक बदल केला: शब्दांची चित्रं बाहेरच्या फोल्डरमधून घेता येतील असा, म्हणजे त्या घरातल्या माणसांना स्वतःच्या अक्षरात लिहिता येईल. वडीगोद्रीला हायवेवर उतरले. त्यांची सून घ्यायला आली होती. रस्त्यालगतच घर, समोर टायरचं दुकान. सुनेनं वही काढली आणि विचारलं, "कोणते शब्द लिहू, ताई?"

"मला नका विचारू," मी म्हणाले. "त्यांना विचारू."

आम्ही अक्षरांचं पानच आधी उघडलं. बाईंचं एक बोट चांगलं चालत होतं. सगळं समजून घ्यायला त्यांना दहा मिनिटंही लागली नाहीत; लहान मुलांना अक्षरं शिकवण्यातच त्यांची सगळी नोकरी झाली होती. ब. काना. सून काही बोलायला गेली, मी नको म्हणून मान हलवली. ह. मग त्यांनी पुढचं थोडं चुकवलं, चौकट पूर्ण फिरून परत येईपर्यंत वाट पाहिली, आणि मात्रा घेतली. र.

बाहेर.

सून माझ्याकडे बघायला लागली. "चार महिने झाले," ती म्हणाली, "माणसं दिसली की रडतेत म्हणून आम्ही त्यांना भाईर नेलंच न्हाई. आम्हाला वाटलं, नको वाटत असंल."

तिनं नवऱ्याला हाक मारली. दोघांनी मिळून खुर्ची उचलली, उंबऱ्यावरून सांभाळून काढली आणि अंगणात, लिंबाच्या सावलीत ठेवली. समोरून उसाच्या ट्रॉल्या, बसगाड्या, मोटारसायकली जात होत्या. टायरच्या दुकानातला माणूस हातातलं काम टाकून उठला आणि रस्ता ओलांडून त्यांच्याकडे यायला निघाला. बाईंनी त्याला ओळखलं आणि चांगला असलेला हात वर केला.